मानस

बांबोळीच्या टेकडीवर, रात्री अडीचला,
सात नंबरच्या खाटेवर कायतान.
जुव्याच्या खाजनातला माणूस.
लेप्टोनं डोळे हळदीचे केलेले,
प्लेटलेट्स अठरा हजार.
अशा मानेत सुई घालायची
म्हणजे रक्ताला आपणच वाट दाखवायची.
म्हणून मशीन ओढत आणलं;
त्याचं एक चाक कुरकुरतं.

बरगडीच्या टोकाखाली जेल लावलं.
"थंड गो बाय," तो पुटपुटला.
पडद्यावर यकृताची राखाडी जमीन,
तिच्यातून वर जाणारी काळी वाट, महाशीर.
हृदयाचं दार दोन सेंटिमीटरवर असताना
कर्सर ठेवला. म्हटलं, काका, हुंगा.
जोरात. बांगडा ताजा का बघतात तसं.

त्यानं हुंगलं.
आयसीयूत वासाला फक्त स्पिरिट.
शीर निम्मी तरी मिटायला हवी होती.
हललीच नाही म्हणा ना.
दोन पूर्णांक तीन.
पुन्हा मोजलं. दोन पूर्णांक तीन.

आणि दिवसभर आम्ही पाजतोय सलाइन:
लघवी कमी, एक बाटली;
बीपी कमी, आणखी एक.
आतला दाब मला कळला असं नाही म्हणणार.
अंदाज आहे. भिंतीवरच्या ओलीवरून
विहिरीचं पाणी सांगावं, तितपत.

"भरती काय सुकती?"
डोळे मिटलेलेच. भ्रम वाटला मला.
दारातून इझिल्दा, त्याची मुलगी, म्हणाली,
पप्पा चाळीस वर्षं मानशीवर होते, डॉक्टर.
मानस म्हणजे तुमचं मन नव्हे, बांधातलं दार.
भरतीला आपलं आपण मिटतं, सुकतीला उघडतं.
फळीत ओंडका अडकला की हे रात्री पाण्यात.
तिथंच लागलं असणार हे दुखणं.

"भरती," मी त्याच्या कानाशी म्हटलं. "पुरी भरती."
"मागीर दार उगडें कित्याक?"

सलाइनचं चाक अंगठ्यानं खाली ओढलं.
थेंब लोंबला, पडला, दुसरा आलाच नाही.
सरांना फोन: पाणी बंद, नॉरअॅड वाढवते.
ते झोपेतच "बरं" म्हणाले.

गॉजनं पोट पुसलं.
पाच वाजता पिशवीत तीस मिली,
चहाच्या रंगाचे.
इझिल्दानं विचारलं, चांगलं का?
म्हटलं, सातला पुन्हा बघू.
आणि मशीन नऊ नंबरकडे नेलं,
कुरकुरत,
सगळा वॉर्ड जागा करत.