दिवाडकर

जुन्या गोव्याच्या धक्क्याला फेरीबोट
जबडा उघडून लागते. मी चढतो
दोन स्कूटरींच्या मधे, बांगड्यांच्या टोपलीशेजारी.
खिशात हनोखकाकांच्या वहीतलं पान:
'आपण मूळचे दिवाडचे.
त्याआधीचं विचारू नये.'

विचारलंही नाही कुणी.
पेणेला घाणा चालवला, शनिवारी बैल सोडला,
मास्तरांनी हजेरीत जे लिहिलं
तेच पुढे पासपोर्टवर.

सिगुल्लाआत्या मात्र दिवे लावताना सांगायची,
आधी झाडाचं नाव होतं आपलं. नोगेइरा.
अक्रोड.
लिस्बनला बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर
डोक्यावर ओतलेलं.
इथे ते झाड रुजत नाही.
मग एका रात्री, धरपकडीच्या आधी,
नदीच्या काठावर वहाणा काढाव्यात
तसं नाव काढून ठेवलं
आणि अनवाणी गेले.

खरंखोटं कोण जाणे.
टेकडीवरच्या चर्चमधला पाद्री भला माणूस.
वही उघडून दिली. पानांची जाळी झालेली.
म्हणाला, वाळवीनं धर्म पाहिला नाही.

दाराशी नारळ सोलणारा म्हातारा हसला:
"दिवाडकर? हांगा दिवाडकर कोण ना.
आमी हांगाच आसात मरे."

खरंच की.
गाव सुटलं त्यालाच गावाचं नाव लागतं.

परतीच्या बोटीतून लेकीला फोन लावतो, अश्दोदला.
हिब्रूत 'ड' आहे, पण आपला नाही.
तिथे ती दिवादकर.
काय सापडलं, विचारते.
इंजिनाच्या आवाजात
मला नीट ऐकू येत नाही.