नऊ ते चौदा

रविवारी वडगावात माग बंद असतात.
मामांच्या कारखान्यावरच्या माळ्यावर आम्ही चौघं,
मधे साडीच्या खोक्याचं झाकण उभं,
त्याच्या आड मी:
पूल मी, नदी मी, पुलावरचा पहारेकरी मी.

सिदरायचं पात्र म्हणजे गोडबोल्या सौदागर.
कागदावर लिहिलंय, वाणी: अधिक पाच.
खरा सिदराय कडोलीचा,
'प'वर अडतो, 'ब'वर अडतो,
बसमध्ये ज्या गावाचं नाव सोपं
त्या गावाचं तिकीट काढतो
आणि उरलेलं चालत जातो.

"पहारेकरी विचारतोय, कशाला जायचंय पलीकडं?
पंधरा पाहिजेत. पण आधी बोलून दाखव,
चांगलं बोललास तर दोन वाढवून देते."

तो बोलायला गेला.
ओठ मिटले ते मिटलेच.
खाली गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
तीही सुरू होईना.

उमेरानं फासा माझ्यापुढं आपटला.
"मी कुऱ्हाड मारते तेव्हा
खालचा बीम उचलून दाखव म्हणतेस काय?
मग त्यालाच का बोलायला लावालीयास?"

शिवगंगा घरी कन्नड बोलते, आमच्यात मराठी,
फाशाशी दोन्ही.
ती म्हणाली, "त्याला काय पाहिजे तेवढंच सांगू दे.
पहारेकऱ्याचं काय दुखतंय ते ओळखू दे.
वाक्यं फासा बोलंल."

सिदरायनं पेन्सिल घेतली:
त्याची रात्रपाळी आहे. त्याला कुणी विचारत नाही.
मी विचारणार, जेवलास काय.

मी न बोलता दोन वाढवले.
वीस बाजूंचा निळा फासा
खोक्याला थडकला, फिरला, बसला.
चार.
चार, पाच आणि दोन, अकरा.
नियम म्हणजे नियम. दरवाजा उघडला नाही.
पहारेकरी मीच होते,
आणि मला विचारलं होतं कुणीतरी, जेवलास काय,
तरी उघडला नाही.

मंगळवारी वीज ऑफिसात.
मीटर अजून वारलेल्या मामांच्या नावावर,
अर्ज कन्नडात, आणि माझं कन्नड बाजारापुरतं,
वांगी, सुट्टे पैसे, थोडं सरका.
सिदराय म्हणाला, मी येतो.

आमच्याकडं म्हणतात, अमक्यानं तमक्यासाठी शब्द टाकला.
इतकी वर्षं म्हणत आले,
पण टाकतात तर फासा,
हे डोक्यात आलंच नव्हतं.
त्या खिडकीशी सिदरायनं माझ्यासाठी शब्द टाकला
आणि तो कट्ट्यावर फिरतच राहिला:
"हेसरु ब... ब... ब..."
मागच्या रांगेतून दोघांनी तो पुरा करून दिला,
लोक देतात तसा, घाईनं, सुट्ट्या पैशासारखा.
क्लार्कनं मात्र चष्मा काढून ठेवला
आणि थांबला.
"...बदलावणे."

मग सिदरायनं विचारलं, "ऊटा आयता, सर?"
'ऊ'वर तो अडत नाही.

साडेतीन वाजले होते.
खुर्चीमागं डबा तसाच, गाठ न सोडलेला.
क्लार्कनं घड्याळ बघितलं, डबा बघितला,
आम्हाला बघितलं.
"नाळे बन्नी," म्हणाला. उद्या या.
आणि आमचा कागद गठ्ठ्याच्या खाली नाही,
वर ठेवला.

हे जिंकणं की हरणं?
आमच्या वहीत असल्याला ओळच नव्हती.
पंधरा म्हणजे दार, चौदा म्हणजे भिंत,
बास, एवढंच शिकलो होतो.

पुढच्या रविवारी तक्त्यात मी ओळ घुसवली,
दोन ओळींच्या मधे, बारीक अक्षरात:
नऊ ते चौदा: उद्या या. कागद वर राहील.
उमेरा भांडलीच,
"मग नवात आणि चौदात फरक काय?"
मला सांगता आलं नाही. अजून येत नाही.

सिदराय त्याचे जुने अकरा घेऊन
पुलावर परत आला.
दरवाजा बंदच होता.
पहारेकऱ्यानं दिवा जवळ ओढला
आणि डब्याची गाठ सोडायला घेतली.