मोठ्यानं

कंपाउंडरनं लाइट बिलाच्या पाठीवर लिहून दिलं :
साखर पेठ, मनपा शाळा, खोली चार, गुरुवारी साडेसात.
तीन गुरुवार शाळेसमोरून नुसता गेलो.
चौथ्यांदा चप्पल तुटली म्हणून थांबलो, असं समजा.

आत दुसरीच्या पोरांची बाकं. गुडघे मावेनात.
फळ्यावर सातचा पाढा, सात सक्कंच्या पुढचं पुसलेलं.
किटलीशी नरसय्या येमूल —
ज्याला गुत्त्यावरून दोनदा खांद्यावर घरी नेला
आणि तिसऱ्यांदा गटारीपाशी सोडून आलो.
त्यानं कप पुढं केला.
"साखर जास्त आहे. लागते सुरवातीला."

पाळी आली तसं मी पुटपुटलो :
मल्लेशम. आणि पुढचा तो शब्द.
"ऐकू येईना," मागून कुणीतरी.
वीस-वीस वर्षं मागाच्या खडखडाटात बसलेले कान,
या खोलीत हळू काही सांगताच येत नाही.
उभा राहिलो. परत बोललो, मोठ्यानं.
बाहेरचा भजीवाला झारा धरून बघत राहिला.

घरी बायको विड्या मोजत होती, पंचवीसचा कट्टा.
जवळ आली, तोंडाचा वास घेतला, नेहमीसारखा.
"चहा?"
"चहा."
मोजणी चुकली तिची.
विड्या परत सुपात टाकल्या,
एकपासून धरलं.