चार जेवणं

उद्यमनगरच्या जॉबकार्डाच्या पाठीवर
रत्नागिरीतल्या खानावळी लिहितोय.
मुक्काम दोन रात्री, जेवणं चार,
नावं झालीत अकरा.

फौंड्रीवाला इलाही म्हणतो, बंदराकडची पत्र्याची शेड,
सुरमई तव्यावरनं थेट ताटात.
मेव्हणा म्हणतो, एसी बघा, ताईला उकाडा सोसत नाही.
लेथवरचा पोरगा मोबाईल पुढं करतो:
ह्याला साडेचार चांदण्या, मालक.

मला काट्यांची भीती.
पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यांवर वाट्या रिचवणारा मी
माशापुढं बिचकतो.
हे कार्डावर लिहिलेलं नाही.

शालन भाकरी थापत होती.
म्हटलं, तुला कुठलं?
समुद्र दिसणारं? का सोलकढी चांगली असलेलं?
तिनं भाकरी उलटली.
"जिथं दोन ताटं एकदम येतात, तिथलं."

पापुद्रा टम्म फुगला.
मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडणारा मी
हिशेब करत बसलो.
सव्वीस वर्षं माझ्या ताटात गरम पडत आली,
तिचं भरलं ताट मी पाहिलं कधी?
एकदा. तिच्या भावाच्या लग्नात,
तेही समोरच्या पंगतीत.

उठलो, पहिल्याच नावाला फोन लावला.
दोन थाळ्या एका वेळी येतात का हो तुमच्याकडं?
पलीकडं भांड्यांचा खणखणाट,
कुणीतरी कुणावर तरी ओरडतंय.
"येतात की. का?"

काय सांगणार त्याला.
शनिवारी दुपारी, म्हटलं, दोघं.

फोन ठेवून वळलो तर
माझी भाकरी वाढून झाली होती.