लांबचे दोन

किट्वे, जानेवारी. वितळभट्टीवरून आज
वारा आमच्या बाजूला,
म्हणजे घशात सेंटा.
गंधकाच्या धुराला इथं हेच म्हणतात.
कुणी ठेवलं हे नाव, ठाऊक नाही;
रोज रडवणाऱ्या पाहुण्याला नाव लागतंच.
दुपारपर्यंत वीज नाही,
म्हणून टेबल ओढलंय खिडकीशी.
तोंडी परीक्षा.

न्कांडू चिलेक्वा.
उसना पांढरा कोट, बाह्या बोटांवर,
खिशावर दुसऱ्याच कुणाचं नाव.
बाप खाणीत, रात्रपाळीला.
भाऊ काळ्या डोंगरावर चढून
भट्टीनं टाकलेल्या मळीत
उरलंसुरलं तांबं शोधतो.
हे मला माहीत आहे
आणि गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही.

मोरचुदाच्या पाण्यात ती
अमोनिया सोडते, थेंब थेंब.
आधी साका: दुधाळ, आजारी निळा.
बरीच मुलं इथंच थांबतात.
झालं, सर, म्हणतात.
ती थांबत नाही.
आणखी थेंब, आणखी,
साका विरतो
आणि नळीत उतरतो तो निळा
ज्याच्यापुढे तीस वर्षांनंतरही
मी चष्मा काढून पुसतो.

‘बंध कसला?’
‘दोघांनी एकेक द्यायचा, तसा नाही, सर.
दोन्ही इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या पदरचे.
तांबं नुसती रिकामी जागा देतं.’

‘शेजारी किती?’
‘सहा. चार अमोनिया, जवळ.
दोन पाणी, वर नि खाली. लांब.’

‘लांब का?’

ती खिडकीबाहेर बघते, आठवण्यासाठी नव्हे,
मांडणीसाठी.
‘तांब्याकडे नऊ इलेक्ट्रॉन, सर.
सहा खालच्या पायरीवर, जोडीजोडीनं.
वरच्या पायरीवर खोल्या दोन, सारख्याच,
आणि राहणारे तीन.
एकीत दोघं, एकीत एकटा.
आता सहाही जणांना
सारखंच जवळ धरणं
तांब्याला परवडत नाही.
ते दोघांना लांब करतं.
मग ऊर्जा जरा उतरते.’

बरोबर. पुस्तकात असंच आहे,
फक्त परवडत नाही हा शब्द नाही.

धातूला मन नसतं,
हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला सांगतो.
उपमा देऊ नका, समीकरण द्या.
आणि आता पेन हातात धरून
मला वुसाकिलेतली दोन खोल्यांची चाळ दिसतेय,
आम्ही सहा भावंडं, आई,
मक्याच्या पिठाचं पोतं, तळाशी आलेलं.
त्या वर्षी आईनं दोघांना
कासामाच्या बसमध्ये बसवलं, मावशीकडे.
त्या दोघांतला मी.

रडली नाही ती. हिशेब झाला होता.
चौघं तगली.

‘अजून एक, सर,’ न्कांडू म्हणते,
मी काही विचारलेलं नसताना.
‘लांबचे बंध अशक्त.
त्यांची अदलाबदल पटकन होते.
एक पाणी जातं, दुसरं येतं,
मोजायच्या आत.’

हो. दुसऱ्याच वर्षी मी मावशीला
आई म्हणू लागलो होतो.

वीस पैकी एकोणीस.
एक कापला, कारण ऋण-धन प्रभार
लिहायला ती विसरली; नियम तो नियम.

जाता जाता ती थबकते.
टेबलाच्या टोकाला, चिनी मातीच्या बशीत,
सकाळच्या गटानं तापवलेलं मोरचूद:
पाणी उडून गेलेलं, पांढरं भुरभुरीत,
तांबं सगळं जागच्या जागी
आणि निळं काहीच नाही.
ती वाकते, थंडीत काचेवर घालावी तशी
एक लांब फुंकर घालते,
ओलसर, तोंड उघडं ठेवून.

अगदी कडेला, नखाएवढं,
फिकट
काहीतरी परत येतं.

‘पुढचा,’ मी हाक मारतो.
आवाज बसलेला निघतो.
सेंटा, दुसरं काय.