वाजवून बघणारी

झेल्बच्या अलीकडे, चेक सरहद्दीपासून हाकेच्या अंतरावर
बंद पडलेल्या कारखान्याचं संग्रहालय झालंय.
धुराड्यात आता फक्त पाकोळ्या राहतात.
खालच्या मजल्यावर गुलाब काढलेल्या किटल्या, तिथं गर्दी.
वरच्या मजल्यावर
ज्यांचा कुणी फोटो काढत नाही अशा वस्तू.

पांढऱ्या. नुसत्या पांढऱ्या.
एक नळी. एक चकती, मधोमध भोक.
गंज म्हणजे काय ते ठाऊक नसलेली कात्री.
आणि लाल तापवून पाण्यात बुडवली
तरी हूं की चूं न करणारी वाटी.

इर्मट्राउट यारायस तिथं खुर्चीवर असते,
मंगळवार ते रविवार, दहा ते पाच.
एकतीस वर्षं हिनं स्पार्कप्लगच्या नळ्या वाजवल्या
पितळी हातोडीनं, दिवसाला चार हजार.
टिण्, पुढे. टिण्, पुढे.
थद्, डब्यात.

नवरा भट्टीवर.
तो म्हणायचा, भाजल्यावर पाचवा हिस्सा आटतो,
साचा नेहमी मोठा धरावा.
लग्नाचा कोटही त्यानं तसाच शिवला होता,
खांद्यांवरून ओघळणारा.
कोट काही आटला नाही.
शेवटच्या हिवाळ्यात तोच आटला.

आज शाळेची पोरं आली होती.
एकानं काचेला नाक लावून विचारलं, हा गोळा कशाला?
लिंबाहून लहान, आरशासारखा गुळगुळीत.
ती म्हणाली, असाच एक माझ्यात आहे.
उजवीकडे, खुब्यात. ऐकायचाय?
आणि जिन्याच्या दोन पायऱ्या चढून दाखवल्या.
कुंई.
पोरं हसून हसून लोळली.
बाई मात्र खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पाच वाजता धूळ पुसायला कपाट उघडतात.
सहाव्या कपाटात, मखमलीवर
ती चकती, आणि पाटी: दोषरहित नमुना.
हिनं सहज नख मारलं.
सवय, दुसरं काय.

थद्.

पुन्हा मारलं. थद्.
केसाहून बारीक कुठेतरी,
डोळ्याला नाही, भिंगाला नाही,
अकरा वर्षं दिव्याखाली तोऱ्यात बसलेली.
किती मंत्री येऊन गेले हिच्यासमोर,
किती जणांनी मान डोलावली.

खाली डॉक्टर झाइडल अजून ऑफिसात आहेत.
सांगितलं तर म्हणतील, एक्स-रे काढू.
एक्स-रेत निघालं नाही तर
म्हणतील, श्रीमती यारायस, वय झालं, कान...
ती फडकं घडी करते.
डबा कुठाय आता, टाकायचं तरी कशात?
चकती जागेवर ठेवते,
पाटी किंचित सरळ करते,
कपाटाला कुलूप.

दिवे गेले. जिन्यात ती एकटी.
एक पायरी. कुंई.
थांबते, कान देते,
जशी द्यायची तशीच, मान जराशी डावीकडे.
मग स्वतःशीच,
पुढे.