वापसी

पंखा आहे. वीज नाही.
सावद्याच्या कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर
मी खडूनं एक वर्तुळ काढतो, त्याच्याभोवती आणखी एक.
आतलं केंद्र. बाहेरचा परीघ.
माल बाहेरून आत जातो, मी सांगतो,
आणि भाव आतून बाहेर येतो.
सतरा जण लिहून घेतात.
अठरावी, शबनूर तडवी, तिसऱ्या बाकावर
उघड्या डोळ्यांनी झोपली आहे.

तिच्या ओढणीवरचे डाग मला ओळखता येतात.
केळीचा चीक एकदा लागला की जात नाही,
धुतला की आणखी काळा पडतो.
रात्री दहा ते सहा ती पॅकहाउसात असते:
तुरटीच्या पाण्यातून फणी काढायची,
वाऱ्याखाली धरायची, फोममध्ये गुंडाळायची
आणि त्याआधी
एक गोल स्टिकर, अंगठ्यानं,
न सुरकुतता.
तेरा किलोची पेटी. पहाटे कंटेनर बंद होतो,
आत तेरा अंश, थेट आखातापर्यंत.
दुपारी आमच्या वर्गात चव्वेचाळीस.

जी फणी मापात बसत नाही,
बोटभर आखूड, पाठीवर डाग,
तिला इकडे वापसी म्हणतात.
कुणी परत पाठवलेली नसते ती.
गेलेलीच नसते कुठं.

"सर," ती एकदम जागी होते,
"मले सांगा, या चित्रात सावदं कुठी हाये?"
मी परिघावर एक टिंब देतो.
"अन् पाल? पालच्या वरचा आमचा पाडा?"
खडू सरकत सरकत
फळ्याच्या लाकडी चौकटीपाशी थांबतो.
पुढे भिंत.

चाचणीत तिनं अडीच ओळी लिहिल्या:
केंद्र म्हणजे जिथं केळं सोलून खातात.
परीघ म्हणजे जिथं त्याचा चीक
अंगावर राहतो.
सिद्धान्त मांडणाऱ्याचं नाव नाही, साल नाही.
पाचापैकी मी तीन दिले. खोडले.
पुन्हा तीनच दिले;
वरच्यांनी विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

तास संपल्यावर ती दाराशी घुटमळते.
तिचा हप्ता शनिवारी होतो, रोख.
मी तासिका तत्त्वावर.
माझे जुलैचे तास अजून जळगावच्या कुठल्याशा टेबलावर
सहीसाठी पडून आहेत.
हे तिला कसं कळलं, कोण जाणे.
कदाचित सगळ्या वर्गालाच माहीत असावं.

"सर, मुकादमले माणूस पायजे.
इंग्रजी लेबलं वाचनारा.
बसून काम हाये."

मी म्हणतो, बघू.
फळा पुसायचा राहिला आहे, दोन्ही वर्तुळं तशीच.
ती दप्तरातून स्टिकरची उरलेली पट्टी काढते,
त्यावर कंपनीचं नाव आहे, देशाचं आहे,
गावाला जागा पुरली नसावी.
एक सोडवते, माझ्या हजेरीपटावर लावते,
अंगठ्यानं,
न सुरकुतता.

"बसून म्हणजे," मी विचारतो,
"खुर्ची आहे ना?"